आवृत्ती एक-चार

ड्राइव्हनं तबकडी आत ओढली, दोनदा घरघर केली आणि परत बाहेर ढकलली. समोरचा हिरवा दिवा पिवळा झाला. पद्मजा मगदूमनं तबकडी मऊ फडक्यानं पुसली आणि पुन्हा ठेवली. पुन्हा घरघर, पुन्हा पिवळा दिवा. सकाळपासूनची ही अकरावी खेप होती.

पाठीमागे पलंगावर तिचा नवरा सन्मती पडून होता. गळ्याला लावलेलं श्वासयंत्र एका ठेक्यात हवा आत सोडत होतं, बाहेर घेत होतं. त्याच्या अंगात तेवढीच काय ती हालचाल. अकरा महिन्यांपूर्वी त्याची पापणीही हलायची थांबली, आणि २०४३ सालच्या त्या जानेवारीपासून सन्मतीनं जगाला एकही गोष्ट सांगितली नव्हती.

आजार जुना होता. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, मग जीभ. बुद्धीला धक्का लागत नाही. डॉक्टर यास्मिन पटवेकर दर महिन्याला घरी येऊन त्याच्या मेंदूचा आलेख काढायच्या. त्याच्या कानाशी त्याचं नाव घेतलं की आलेखाची रेघ उसळायची. "आत ते पूर्ण जागे आहेत," त्या दर वेळी सांगायच्या. पद्मजाला ते ऐकून बरं वाटायचं आणि वाईटही.

इचलकरंजीत सन्मती साड्यांच्या काठांची डिझाइनं काढायचा आणि पद्मजा ती संगणकावर मागाला समजेल अशा भाषेत उतरवायची. त्या कार्यालयातच लग्न जमलं. आजाराचं निदान २०३३ साली झालं. पुढच्या वर्षी, बोलणं अजून शाबूत असतानाच, त्याच्या कवटीखाली बोलपट्टी बसवली गेली.

बोलपट्टी म्हणजे नखाएवढी पातळ पट्टी. तिच्यावर केसाहून बारीक अशी अडीचशे टोकं. माणूस 'पाणी' म्हणायला जातो तेव्हा ओठांना आणि जिभेला हलवणाऱ्या भागात विजेचे बारीक झटके उमटतात. ओठ हलले नाहीत तरी झटके उमटतातच. पट्टी ते टिपते, आणि कुठल्या झटक्यांचा अर्थ कुठला शब्द हे ओळखणारा एक प्रोग्राम तो शब्द त्या माणसाच्याच आवाजात बोलून दाखवतो. अडचण एवढीच, की प्रत्येक मेंदूची लिपी वेगळी. सन्मतीनं नऊ महिने रोज दोनशे वाक्यं म्हटली, तेव्हा कुठे त्याची उकल, म्हणजे त्याच्या लिपीचा अर्थ लावणारा प्रोग्राम, तयार झाली. ती उकल दुसऱ्या कुणाच्या कामाची नव्हती आणि तिच्याशिवाय त्याची पट्टी निव्वळ मुकी.

बोलपट्टी सात वर्षं उत्तम चालली. उकल कंपनीच्या दूरच्या संगणकांवर असायची. घरात फक्त आवाज काढणारा एक डबा. मग कंपनी बुडाली आणि चौदा महिन्यांपूर्वी एका मंगळवारी ते संगणक बंद झाले. नवी कंपनी सगळं ताब्यात घेणार, थोडं थांबा, असं पत्र आलं. पद्मजा थांबली. तेव्हा सन्मतीची पापणी हलत होती. अक्षरांचा तक्ता धरला की तो एकेक अक्षर निवडायचा. तीन महिने तसे गेले. नवी कंपनी आली नाही. पापणी मात्र गेली.

हाताशी उरली होती ती ही तबकडी. शंभर वर्षं टिकणारी, जाड काचेची. रुग्णाला त्याच्या उकलीची एक प्रत दिलीच पाहिजे या कायद्यासाठी कंपनीनं दिलेली. ती वाचायला लागणारा ड्राइव्ह पद्मजानं जुन्या यंत्रांच्या बाजारातून मिळवला होता. आता तो ड्राइव्ह तबकडी वाचायला तयार नव्हता.

कारण तिला दोन दिवसांत कळलं. प्रत्येक यंत्राच्या पोटात त्याची अशी एक समज भरलेली असते: कसं फिरायचं, कसं वाचायचं, काय नाकारायचं. तिला फर्मवेअर म्हणतात. या ड्राइव्हच्या पोटात शेवटची आवृत्ती होती, आणि त्या आवृत्तीला कंपनीनं शिकवून ठेवलं होतं, की कुठलीही तबकडी वाचण्याआधी आमची परवानगी माग. ड्राइव्ह इमानदारीनं परवानगी मागत होता. द्यायला कुणी नव्हतं.

ही अट नसलेली जुनी आवृत्ती होती, एक-चार. ती घालायची, आणि तिच्याशी बोलू शकेल असा जुना ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि ड्राइव्ह यांच्यामधला दुभाषा, शोधायचा.

शोधायचं म्हणजे पद्मजाचा दिवस असा जाऊ लागला: सकाळी सन्मतीचं अंग पुसणं, कूस बदलणं, नळीतून पेज, औषधं; मग संगणक. कंपनीचं पान नाहीसं झालेलं. एका संग्रहात फाईलचं नाव होतं, फाईल नव्हती. 'इथे मिळेल' म्हणणाऱ्या दहा ठिकाणांपैकी नऊ ठिकाणी भलताच कचरा उतरायचा आणि दहाव्यानं तिचा संगणकच दोन दिवस बंद पाडला. दर दोन तासांनी उठून कूस बदलायची, परत येऊन बसायचं. शेजारच्या दीपावहिनी तासभर बसायला तयार असायच्या, पण श्वासयंत्राचा भोंगा वाजला की त्या पद्मजाला हाका मारत बाहेर धावायच्या. पद्मजा वर्षभरात गावाबाहेर गेली नव्हती. घराच्या दोन खोल्या आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान एवढंच तिचं जग झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका बंद पडलेल्या चर्चास्थळाच्या जुन्या पानावर तिला नऊ वर्षांपूर्वीची एक ओळ सापडली. 'एक-चार माझ्याकडे आहे. ज्याला लागेल त्यानं फोन करावा. इराप्पा कोष्टी, निपाणी.' खाली नंबर होता.

फोन एका बाईनं उचलला. "बाबांना कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोला," ती म्हणाली. पद्मजा मोठ्यानं बोलली.  मग म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला, "ड्राइव्ह घेऊन या ताई. तबकडी आणू नका, प्रवासात फुटंल."

त्या दिवशी तिनं एक परिचारिका सहा तासांसाठी बोलावली आणि एसटीनं निपाणीला गेली.

इराप्पा कोष्टी ऐंशीच्या घरातले. एकेकाळी दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्या माडीवर फळ्यांवर ओळीनं ड्राइव्ह, मॉनिटर, वायरींची भेंडोळी, सगळ्यांवर चिठ्ठ्या.

"कंपनीनं सांगितलं होतं जुनी आवृत्ती पुसून टाका," ते म्हणाले. "मी म्हटलं, पुसतो. आणि पुसली नाही. माणसाच्या डोक्यातलं कुलूप, त्याची किल्ली कंपनीच्या खिशात, हे मला पटलंच नव्हतं."

त्यांनी एक जाडजूड जुना लॅपटॉप काढला. "हा न्या. आजचे संगणक शिक्का नसलेला ड्रायव्हर आत घेत न्हाईत. हा घेतो. पण याला नेटला जोडू नका, जोडलात की नवी आवृत्ती ओढून पहिल्यांदा हाच शहाणा होईल."

"आणि फर्मवेअर?"

"एक-चार याच्यातच हाय. पण त्यात धोका हाय. नवी समज काढून जुनी घालायची म्हणजे यंत्राला उलटं शिकवायचं. मध्येच वीज गेली, वायर हलली, की ना जुनं ना नवं. मग तो डबा दाराला टेकण म्हणून ठेवायचा. माझ्याकडं दुसरा असला ड्राइव्ह न्हाई. इथं वीज सारखी जाते, घरी बॅटरीवर घेऊन करा."

तिनं ड्राइव्ह आणि लॅपटॉप पिशवीत घातले. निघताना म्हातारबांनी विचारलं, "त्यांचं शेवटचं बोलणं काय झालं होतं तुमच्याशी?"

 पापणीनं शेवटी काय सांगितलं होतं ते पद्मजाला आठवत होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी भर दुपारी तिनं लॅपटॉप आणि ड्राइव्ह दोन्ही बॅटरीवर घेतले, दाराला आतून कडी लावली आणि आज्ञा दिली. पडद्यावर आकडा सरकू लागला. चाळीस. पंचावन्न. एकाहत्तरला तो थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं, चार. श्वासयंत्राचा भोंगा वाजला. सन्मतीच्या नळीत कफ आला होता. ती उठली, वायरीला धक्का लागू नये म्हणून भिंतीला घासून पलंगापाशी गेली, नळी साफ केली. हात धुऊन परत आली तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं: 'आवृत्ती १.४. पूर्ण.'

तबकडी आत गेली. दिवा हिरवा राहिला.

पद्मजा खुर्चीतच बसली. मग तिनं आतल्या फाईलींची यादी उघडली आणि तारखा पाहिल्या. सगळ्या २०३४ सालच्या होत्या.

डॉक्टर पटवेकरांनी दुसऱ्या दिवशी ती यादी पाहिली आणि चष्मा काढून हातात घेतला.

"पद्मजाताई, ही पहिली उकल आहे. उंबरठ्याच्या आधीची."

"म्हणजे?"

"आपण मनातल्या मनात बोलतो ना, तेव्हाही तेच झटके उमटतात. फक्त मंद. पहिल्या उकलीला दोन्हींतला फरक कळत नव्हता. तुम्ही बोलायला काढलेलं आणि नुसतं मनात आलेलं, ती दोन्ही बोलून टाकायची. तेव्हा सन्मती तोंडानंच बोलत होते, त्यामुळे तुम्हाला हे कधी जाणवलं नाही. दोन वर्षांनी कंपनीनं उंबरठा घातला: अमुक जोराखालचे झटके आतच राहतील. तो उंबरठा त्यांच्या संगणकांवर होता. तबकडीवर नाही."

"म्हणजे हे चालू केलं तर..."

"त्यांच्या मनात जे जे येईल ते सगळं ऐकू येईल. त्यांना थांबवता येणार नाही. म्हणूनच कायद्यानं त्याला बंदी आहे. रुग्णाची स्पष्ट संमती असेल तरच."

"पण संमती विचारायची कशी? विचारायला हेच यंत्र लागणार."

"त्याची सोय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "डॉक्टरसमोर, एकदाच, दहा मिनिटं. तेवढ्यात स्पष्ट हो मिळाला तर चालू. नाही मिळाला तर तबकडी मला सील करावी लागेल."

"आणि नवा उंबरठा कुणी तयार करू शकणार नाही?"

"करतील कुणीतरी. चार-पाच वर्षांत."  सन्मतीकडे तेवढी वर्षं नव्हती.

ते दोन दिवस पद्मजाला जड गेले. त्याला न विचारता त्याचं मन उघडं करायचं, की त्याला न विचारता ते कायमचं बंद ठेवायचं? दोन्हीकडे भिंतच. कूस बदलताना तिनं त्याच्या कानाशी सगळं नीट समजावून सांगितलं. "चालतंय का?" असंही विचारलं. श्वासयंत्र तेवढं चालू राहिलं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी फॉर्म मांडीवर घेतला, घड्याळ लावलं आणि मान हलवली. पद्मजानं बटण दाबलं.

 फळीवरच्या डब्यातून सन्मतीचा नऊ वर्षांपूर्वीचा, धडधाकट आवाज आला.

"टाच. टाच. डावी टाच. घडी. चादरीची घडी. पंखा कुरकुरला. एकशे बारा. एकशे तेरा. कोण बोलतंय. मी. माझा आवाज. अरे मी बोलतोय. पद्मा. पद्मा पद्मा. टाच."

पद्मजा पायथ्याशी धावली. डाव्या टाचेखाली चादरीची एक बारीक घडी होती. तिनं ती ओढून सरळ केली.

"हां," डबा म्हणाला. "हां. गेली. किती दिवस. हां."

तिला रडू कोसळलं, पण डॉक्टरांनी घड्याळाकडे बोट केलं.

"सन्मती बाबगोंडा मगदूम," त्या वाचू लागल्या, "आपल्या मनातले सर्व विचार या यंत्राद्वारे..."

"सगळं बाहेर चाललंय. थांब. थांब ना. बोलू नको. घाण काही येऊ नये. आलं. येणार. ही डॉक्टर हळू वाचते. कागद फडफडतो. शी. थांब. 'जयू, एकदाचं संपलं असतं ना, तर आम्ही दोघंही सुटलो असतो.' सुटलो असतो. संपलं असतं तर. 'जयू, एकदाचं संपलं असतं ना...'"

 डॉक्टर कागदाकडे बघत राहिल्या.

"ते वाक्य त्यांचं नाही," पद्मजा म्हणाली.  "माझं आहे. फेब्रुवारीत बहिणीशी, जयूशी, फोनवर बोलले होते. इथंच, या खिडकीशी उभी राहून."

"तुम्ही थकला होता."

 पद्मजा पलंगाच्या कडेला बसली. "अहो," ती म्हणाली, "हे चालू ठेवायचं का?"

"हो. नको. ठेव. बंद कर. हो म्हण. नको म्हण. हो की नको. नको हो. सुटलो असतो."

"याला मी संमती लिहू शकत नाही," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "सहा मिनिटं झाली. तुम्ही विचारलं की त्यांच्या मनात 'हो' उमटतं आणि 'नको'ही. त्यातलं त्यांचं कुठलं, कळणार कसं?"

"मग काय विचारू?"

"मनात तुकडे येतात, पद्मजाताई. आपणहून अख्खं नवं वाक्य जुळवायचं तर माणसाला बळ लावावं लागतं."

पद्मजानं सन्मतीचा हात दोन्ही हातांत धरला. "अहो, ऐका. मी आता काही विचारत नाही. तुम्हाला काय पाहिजे ते एका वाक्यात सांगा. तुमच्या शब्दांत. पूर्ण वाक्य. तीन मिनिटं आहेत."

डब्यातून तुकड्यांचा लोंढा चालूच राहिला. पंख्याचे आकडे, आवाजांचे शब्द, कुठल्याशा साडीच्या काठाचा हिशेब, 'जयू, एकदाचं'. मग "मी" आला. हरवला. पुन्हा आला. "मी सन्मती. मी पंखा. नाही. मी. मी सांगतो." एक मिनिट गेलं. पद्मजाला त्याच्या हातात काही जाणवत नव्हतं, तरी आतला माणूस भिंतीला खांदा लावून रेटतोय असं तिला स्पष्ट कळत होतं.

"मी सांगतो... की रोज एक तास... टाच नाही आता... रोज एक तास हे चालू ठेवा... आणि त्या वेळी... पंखा... त्या वेळी खोलीत पद्मा सोडून कुणी नको."

घड्याळ वाजायला चाळीस सेकंद बाकी होती. डॉक्टरांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, खाली सही केली आणि पिशवी उचलली.

"मी जाते," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलंय."

पहिला तास दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ठरला. साडेतीनपासून पद्मजा घरात उगाच फिरत होती. ड्राइव्ह नव्हता तेव्हा तो नाही म्हणून बोलता येत नाही असं म्हणता येत होतं. आता काही कारण उरलं नव्हतं. बटण तिच्या हातात होतं. तिनं ते दाबलं नाही तर विचारणारं जगात कुणी नव्हतं, आणि दाबलं तर तो काय म्हणेल हे तिला माहीत होतं.

चार वाजता तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बटण दाबलं.

"पद्मा. चार वाजले. आली. 'जयू, एकदाचं संपलं असतं ना...' नको. नको ते. येतंय. येऊ नको म्हटलं की येतंय."

"येऊ दे," पद्मजा म्हणाली. "मी थकले होते हो. त्या दिवशी रात्रभर झोप नव्हती."

"खोटं. थकली नव्हती. खरं बोलली. आवाज खरा होता. ओळखतो. खरा होता."

 काही वेळ फक्त डबा बोलत राहिला. मग पद्मजाच्या लक्षात आलं, की हा माणूस मनात येईल ते सगळं बोलतोय आणि आपण मात्र एकेक शब्द निवडून ठेवतोय. तिला त्याची लाज वाटली.

"हो," ती म्हणाली. "खरं बोलले होते. मला सुटायचं होतं. अजूनही कधीकधी वाटतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी वाटतं. आज सकाळीही वाटलं."

"राग. राग आहे मला. राग. जाऊ नको. जा. मलाही वाटतं. संपावं. तू जयूकडे जा. जाऊ नको. तीन महिने. तीन महिने, पापणी होती तेव्हा. कंपनीची वाट बघत बसलीस. तेव्हाच ड्राइव्ह शोधायचा. तेव्हा शोधायचा होता."

हे तिनं स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते बाहेरून ऐकताना दुखायचं सोडून तिला एकदम संताप आला.

"आणि तुम्ही काय करत होता त्या तीन महिन्यांत?" ती खुर्चीतून उठली. "मी हात भरून येईस्तोवर तक्ता धरून उभी राहायची. एकेक अक्षर, एकेक अक्षर! वाटायचं, आता काहीतरी सांगतील. माझ्यासाठी काहीतरी. आणि शेवटच्या दिवशी काय सांगितलंत? अकरा महिने मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारबांनी विचारलं तरी सांगितलं नाही. काय होतं शेवटचं वाक्य? 'आवाज वाढव!' टीव्हीचा!"

डब्यात जरा वेळ नुसतीच खरखर झाली.

"मॅच होती," सन्मती म्हणाला. "शेवटची ओव्हर होती आणि तू मध्येच मिक्सर लावला होतास."

"मिक्सर तुमचंच जेवण पातळ करायला लावला होता!"

"दोन मिनिटं थांबली असतीस."

"कधी थांबायचं? दिवसभर तुमच्या मॅचच्या वेळा बघून थांबायचं?"

शेजारी दीपावहिनींनी आवाज ऐकला आणि घाबऱ्याघुबऱ्या दाराशी आल्या. आतून पद्मजाचा चढलेला आवाज येत होता आणि तिच्या वरताण एका पुरुषाचा. त्यांनी कडी वाजवायला हात उचलला, मग खाली घेतला. पाच वाजेपर्यंत त्या जिन्यात बसून राहिल्या. मगदूमांच्या घरात चौदा महिन्यांनी नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं.